खटक्याचं धनुष्य

शुक्रवारी सकाळी आमच्या घरात दोन आवाज बरोबरीने सुरू व्हायचे. स्वयंपाकघरात आईच्या विळीवर नारळ खवल्याची खरखर आणि बाल्कनीत बाबांची कानस. मस्कतमधल्या, अल् घुब्रातल्या त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटला बाल्कनी म्हणजे एक माणूस जेमतेम उभा राहील एवढीच जागा होती. एका कोपऱ्यात एसीचं पाणी बादलीत ठिबकत असे, दुसऱ्या कोपऱ्यात बाबांनी लोखंडी टेबल ठेवून त्यावर एक छोटा व्हाइस बसवला होता. आठवड्याचे सहा दिवस बाबा सनाइयात, म्हणजे शहराबाहेरच्या कारखान्यांच्या वस्तीत, अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, वर्कशॉपात लेथवर उभे असायचे. सातव्या दिवशीही त्यांच्या हातांना लोखंडाशिवाय करमत नसे. मिक्सरचं भांडं, शेजाऱ्यांच्या दाराची कडी, माझ्या सायकलचं पायडल, काही ना काही त्या व्हाइसमध्ये अडकवलेलं असायचंच. आई म्हणायची, “अहो, तुमच्या लोखंडाचा भुगा माझ्या सोलकढीत पडतो.” बाबा हसून दार लोटून घ्यायचे. बाल्कनीत ऊन इतकं असे की दार लोटलं की ते तिथेच भाजत उभे राहायचे, पण घरात यायचे नाहीत.

माझ्या वडिलांचं नाव दत्ताराम. वर्कशॉपात सगळे त्यांना दत्ता टर्नर म्हणत. चोविसाव्या वर्षी गुहागरकडच्या आमच्या गावातून ते मस्कतला आले ते अर्बाब हमूद यांच्या व्हिसावर, आणि शेवटपर्यंत त्यांच्याकडेच राहिले. वीस वर्षं त्यांनी पंपांचे बुश, शाफ्ट आणि पुल्या केल्या. एकदा जेवताना ते म्हणाले होते, “मी केलेलं सगळं कुठल्या ना कुठल्या मशीनच्या पोटात आहे. कुणाला दिसत नाही.” हे त्यांनी तक्रारीच्या सुरात म्हटलं नव्हतं. पण त्या वाक्यामुळे पुढचं सगळं मला थोडंफार समजतं.

अर्बाबच्या धाकट्या मुलाने, माजिदने, एके दिवशी वर्कशॉपात बाबांना मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. परदेशातला कुणी माणूस क्रॉसबोने रानडुक्कर मारत होता. बंदुकीसारखा दस्ता, त्यावर आडवं बसवलेलं धनुष्य, खाली खटका. माजिदने तसलं एक बाहेरून मागवलं होतं, ते विमानतळावरच अडकलं. “दत्ता, ये बना सकता?” त्याने विचारलं. आमच्याशी सगळे ओमानी अशीच मोडकी हिंदी बोलत. बाबांनी तो व्हिडिओ तीनदा पाहिला आणि हो म्हणाले. मागणी माजिदची होती. हौस मात्र बाबांची होती, हे मी शपथेवर सांगेन.

दोन महिने आमच्या बाल्कनीत ते धनुष्य आकार घेत होतं. जुन्या पिकअपच्या कमानीतला पाटा आणून बाबांनी तो घासून घासून दोन्ही टोकांकडे निमुळता केला. दस्त्यासाठी रफीकचाचांनी एका मोडक्या होडीचं सागवान आणून दिलं. रफीकचाचा वर्कशॉपची गाडी चालवायचे. ते दाभोळचे, बाबांच्या आणि त्यांच्या गावांमध्ये एका खाडीचं अंतर, त्यामुळे मस्कतमध्ये ते आम्हांला सख्ख्यासारखे होते. दोरी अडकते ती पोलादी खाच आणि तिला सोडणारा खटका, ह्यांचं गणित बाबांना कागदावर मांडता येईना. मी अकरावीत होते, कंपासपेटी माझ्याकडे होती. मी त्यांना कोन मोजून चित्र काढून दिलं. ते चित्र त्यांनी भिंतीला चिकटवलं आणि आल्यागेल्याला दाखवलं, “हे आमच्या नीलूने काढलं.” शाळेत आम्ही मुली आपसांत इंग्रजीच बोलायचो आणि घरी माझी मराठी अडखळायची. त्यामुळे बाबांना आणि मला एकमेकांशी बोलायला फारसं काही नसायचं. त्या दोन महिन्यांत आम्ही जितकं बोललो तितकं आधी कधी बोललो नव्हतो. आज ही मराठी मी सलग लिहिते आहे, ती मला नंतर गावाने शिकवली, आणि गावात मी कशी आले ते पुढे येईलच.

घरात ह्या वस्तूबद्दल कुणाचंच एकमत नव्हतं. आईला ती नजरेसमोर नको होती. ती मासे रोज करायची, सुरमईची तुकडी हाताने कापायची, पण शिकार म्हटलं की तिचा चेहरा बदलायचा. “पोटासाठी मारणं वेगळं, मजेसाठी वेगळं,” एवढंच म्हणायची. रफीकचाचा शुक्रवारी जेवायला यायचे तेव्हा ह्यावर वाद रंगायचा. ते म्हणत, “दत्ताभाऊ, शिकारीला माझी ना नाही. अल्लाचं नाव घेऊन बाण सोडला तर तो हलाल आहे. पण हे असं खटका दाबून? ह्यात माणसाचा जोर कुठे लागतो? धनुष्य ओढताना हात थरथरतो, तेवढ्या वेळात माणूस विचार तरी करतो.” बाबा भात कालवत ऐकून घेत आणि मग गावचं सांगत. लहानपणी डुकराच्या शिकारीत ते हाकारे असायचे. मोठे लोक ठासणीच्या बंदुका घेऊन बसत आणि ही पोरं डबे वाजवत रान उठवत. बंदूक त्यांच्या घरात कधी नव्हती, हातात धरायलाही कुणी दिली नाही. शिवाय गावात कणकेच्या गोळ्यात बंदुकीची दारू भरून ठेवायचे, डुकराने चावला की जबडाच उडे आणि ते तीन-तीन दिवस रानात ओरडत फिरे. “त्यापेक्षा हे साफ आहे,” बाबा म्हणत. “एक बाण, खलास. जनावराला कळतसुद्धा नाही.”

म्हाताऱ्या अर्बाबना नेमकं तेच खटकत होतं. एकदा ते वर्कशॉपात आले आणि बाबांनी लेथच्या कामासाठी तिथे नेलेली ती अर्धवट वस्तू त्यांनी हातात घेतली. ते तरुणपणी डोंगरात बंदुकीने शिकार करत, शिकारीवर बंदी आली तेव्हा त्यांनी बंदूक खुंटीला टांगली ती टांगलीच. वस्तू उलटसुलट करून त्यांनी बाबांच्या कामाची तारीफ केली आणि मग म्हणाले, “बंदूक आवाज करते. एक मेलं तरी बाकीची पळून जातात. डोंगराला कळतं की माणूस आलाय. हे चोराचं हत्यार आहे, दत्ता. हे बनवू नकोस.” बाबांनी मान डोलावली. घरी येऊन हे सगळं त्यांनी आम्हांला सांगितलं, आणि मग कानस उचलली. वीस वर्षांत अर्बाबचं न ऐकण्याची ही पहिलीच वेळ असावी.

धनुष्य पूर्ण झालं तेव्हा माजिदने बाबांना शुक्रवारी निशाण बघायला बोलावलं. कुरियात गावाच्या पुढे मोकळ्या माळावर डबे मांडायचे, नेम धरायचा, दुपारी तिथेच जेवायचं, असा बेत होता. आई आली नाही. तिने आम्हांला आंबोळ्या आणि उसळ बांधून दिली आणि दार लावताना म्हणाली, “लवकर या.” मी हट्टाने गेले. ते चित्र माझं होतं, ते चालतं की नाही ते मला बघायचं होतं.

माजिदने त्याची मोठी गाडी डांबरी रस्ता सोडून खडकाळ माळावर घातली. दूरवर डोंगर, मध्ये काटेरी बाभळी, जमीन पांढरट. आम्ही एका झाडाखाली चटई घातली. माजिद तेव्हा पंचविशीचा असेल. स्वभावाने तो वाईट नव्हता. माझ्यासाठी त्याने आठवणीने थंड ज्यूसचे डबे आणले होते. पहिले चार बाण त्याने पत्र्याच्या डब्यांवर मारले. धनुष्य सुटलं की फक्त टप असा आवाज व्हायचा, पुस्तक मिटल्यासारखा. चौथा बाण डब्यातून आरपार गेला. बाबा धावत जाऊन तो डबा घेऊन आले आणि त्यातल्या भोकातून माझ्याकडे बघून हसले. त्यांना इतकं खूश मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

हरण दिसलं ते मला पहिल्यांदा. साठ-सत्तर पावलांवर, बाभळीच्या सावलीत, मागचे पाय उन्हात. एकटंच होतं. डबे फुटत होते तरी ते पळालं नव्हतं, कारण बंदुकीसारखा मोठा आवाजच नव्हता. मी बोट दाखवलं. हरणं राखीव आहेत हे शाळेतल्या पोरासोरांना माहीत होतं, बाबांना माहीत होतं, माजिदला तर होतंच. माजिद गुडघ्यावर बसला आणि त्याने बाण चढवला. मला वाटलं, तो नुसता नेम धरून बघतोय. मी बाबांकडे बघितलं. ते माजिदच्या खांद्यामागे वाकले होते, डोळे बारीक केलेले, आणि ते हळूच म्हणाले, “थोडा ऊपर पकड.”

टप झालं. हरण एकदम ताठ उडालं आणि पळत सुटलं. बाण पोटाच्या मागच्या बाजूला लागला होता.

आम्ही दोन तास त्याच्या मागावर चाललो. गाडी नेण्यासारखी जमीन नव्हती. बाबा पुढे, रक्ताचे थेंब बघत, त्यांच्यामागे माजिद आणि शेवटी मी. माजिद सुरुवातीला हसत होता, मग शिव्या देऊ लागला, मग गप्प झाला. हरण मधे मधे दिसायचं, थांबायचं, आम्ही जवळ गेलो की पुन्हा उठायचं. बाणाचा मागचा भाग बाहेर होता आणि चालताना तो झुडपांना अडकायचा. एक बाण, खलास, असं बाबा म्हणाले होते. मला ते सारखं आठवत होतं, आणि मला वाटतं त्यांनाही.

शेवटी ते एका घळीत बसलेलं सापडलं. उठायची ताकद उरली नव्हती. माजिदने खिशातली सुरी काढली, हरणाकडे बघितलं आणि सुरी बाबांपुढे धरली. “तू कर.” बाबांनी सुरी घेतली. ते हरणाजवळ बसले, त्याची मान मांडीवर घेतली, पण त्यांच्याने होईना. त्यांनी सुरी बाजूला ठेवली. “नीलू, पाणी दे,” ते म्हणाले. मी बाटली दिली. त्यांनी झाकणात पाणी ओतून त्याच्या तोंडाशी नेलं. त्याने प्यायलं नाही. ते बाबांच्या मांडीवरच गेलं, आणि तेवढ्यात वरच्या अंगाला, कच्च्या रस्त्यावर, गाडीचं दार वाजलं.

रेंजर दोघे होते. मोठा पन्नाशीचा, पिकल्या दाढीचा, आवाज अगदी शांत. त्याने मेलेलं हरण बघितलं, बाबांच्या कपड्यांवरचं रक्त बघितलं, जमिनीवरची सुरी बघितली आणि मग ते धनुष्य उचललं. “हे कुणाचं?” माजिद अरबीत भरभर बोलू लागला. “वर्कशॉपातल्या हिंदुस्तानी कामगाराने हे बनवलंय, त्याला चालवून बघायचं होतं, मी नुसतं गाडीने आणलं, मला काय माहीत तो काय करेल.” सहावीपासून शाळेत मी अरबी घेतली होती. मला शब्द न् शब्द कळत होता. मग माजिद बाबांकडे वळून हिंदीत म्हणाला, “दत्ता, हो म्हण. दोन दिवसांत सोडवतो. माझ्या वडिलांचं काळीज आधीच कमजोर आहे. त्यांना कळलं तर ते मरतील.”

बाबांनी रेंजरकडे बघितलं. त्यांना वर्कशॉपापुरती अरबी यायची. ते म्हणाले, “अना सव्वी.” त्या मोडक्या अरबीत ह्याचा अर्थ मी बनवलं असाही होतो आणि मी केलं असाही. त्यांना कुठला म्हणायचा होता हे मला तेव्हा कळलं नाही. रेंजरलाही कळलं नसावं, कारण तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. “मुली, तुला अरबी येते?” मी मान डोलावली. “बाण कुणी मारला?” बाबा मागून मराठीत म्हणाले, “गप ऱ्हा गो बाय.” रेंजर थांबून राहिला. माजिद स्वतःच्या बुटांकडे बघत होता. “देवाला स्मरून सांग,” रेंजर म्हणाला. आणि मी म्हटलं, “मा अद्री.” मला माहीत नाही. त्याने पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच म्हटलं. त्याने उसासा सोडला आणि बाबांना गाडीत बसायची खूण केली. बाबांनी जाताना हरणाला खांद्यावरच्या पंचाने झाकलं. माजिदने मला घरी सोडलं. रस्ताभर तो म्हणत होता, “दोन दिवस. इन्शाल्ला, फक्त दोन दिवस.” आंबोळ्यांचा डबा न उघडता माझ्या मांडीवर होता.

आठ दिवस झाले तरी बाबा सुटले नाहीत. मग रफीकचाचांनी आम्हांला सीबला अर्बाबच्या घरी नेलं. आत शिरण्याआधी माजिदने मला अंगणात गाठलं आणि म्हणाला, “वकील मीच लावलाय. वडिलांना काही झालं तर तुझ्या बापाचं कोण बघणार?” अर्बाब बैठकीत उशांना टेकून बसले होते, बाजूला औषधांचा ट्रे. त्यांनी आम्हांला खजूर दिले, काहवा, म्हणजे अरबी कॉफी, दिला. काहव्याची सुरई घेऊन माजिदच उभा होता, कपात ओतत. आई पदर तोंडाशी धरून मराठीत बोलत होती आणि मी तिचं अरबीत सांगत होते. “त्यांना सांग, वीस वर्षं तुमच्याकडे राबलेला माणूस आहे. त्यांना सांग, हे डास मारायलाही कचरत. ह्यांनी हरण मारलं नाही.” मी सांगितलं. अर्बाबनी हातातला कप खाली ठेवला. मग त्यांनी मलाच विचारलं, “तू तिथे होतीस ना? मग कुणी मारलं?” माजिदच्या हातातली सुरई हलायची थांबली. सोळा वर्षांच्या मुलीला ते वाक्य उच्चारायला किती वेळ लागला असता? मी म्हटलं, “मा अद्री.” अर्बाबनी डोळे मिटले. “मी त्याला नको सांगितलं होतं,” ते म्हणाले. निघताना त्यांनी आईच्या हातात हलव्याचा डबा दिला. गाडीत आईने विचारलं, “काय म्हणाले?” मी सांगितलं, प्रयत्न करतो म्हणाले. तो हलवा आम्ही कुणी खाल्ला नाही. मुंग्या लागल्यावर आईने तो डब्यासकट टाकला.

बाबांना सात महिन्यांची शिक्षा झाली आणि त्यानंतर देश सोडायचा हुकूम. आमचा व्हिसा त्यांच्याच नावावर होता. अकरावी अर्धी टाकून मी आईबरोबर गावी आले. बाल्कनीतला व्हाइस रफीकचाचा घेऊन गेले. भिंतीवरचं माझं चित्र पोलिसांनी पहिल्याच दिवशी नेलं होतं. अर्बाब त्याच वर्षी वारले, बाबा आत असतानाच, असं रफीकचाचांच्या फोनवरून कळलं. म्हणजे मी ज्याच्यासाठी गप्प राहिले तो जीव काही त्यामुळे वाचला नाही. माजिदने पुढे फोन उचलला नाही. त्याच्याबद्दल मला आता राग येत नाही. तो घाबरला होता, आणि आम्ही त्याला घाबरून राहायची मुभा दिली.

बाबा गावी आले ते वेगळेच. गावाने त्यांना डोक्यावर घेतलं. साधाभोळा माणूस, अरबाने फसवला, निर्दोष असून तुरुंगात गेला, ही गोष्ट घरोघर झाली. आई ती प्रत्येकाला सांगायची, पहिल्यापासून शेवटपर्यंत, डोळे पुसत. बाबा पडवीत बसून ऐकायचे आणि मधेच उठून मागीलदारी जायचे. चिपळूणला लेथवर काम मिळत होतं, गेले नाहीत. भातात डुकरं शिरायला लागली तेव्हा वाडीतले चार जण येऊन म्हणाले, “दत्ता, ते धनुष्य करून दे की.” बाबा म्हणाले, “मला येत नाही.” मी बारावी बाहेरून दिली, गुहागरात पतपेढीत लागले, लग्न केलं, आणि माझ्या मुलांशी फक्त मराठीत बोलले. आई गेली ती त्याच विश्वासात, की तिच्या नवऱ्याने काहीच केलं नव्हतं.

वर्षानुवर्षं मी स्वतःला एक गोष्ट सांगत आले. बाबांनीच गप्प राहा म्हटलं होतं. मी फक्त त्यांचं ऐकलं. त्यांचं तेव्हाचं वय मी ओलांडलं तरी ह्याच आधारावर माझं चाललं होतं. बाबांच्या शेवटच्या आजारात मी महिनाभर माहेरी होते. एका सकाळी त्यांना पेज भरवत असताना त्यांनी चमचा हाताने बाजूला केला.

“मी त्याला वर धर म्हटलं, ते तू ऐकलं होतंस ना?”

इतक्या वर्षांत त्या दिवसाबद्दल ते पहिल्यांदा बोलत होते. मी म्हटलं, “हो.”

“कुणाला सांगितलंस?”

“कुणालाच नाही.”

“तुझ्या आईला?”

“नाही, बाबा.”

त्यांनी वर कौलांकडे बघितलं. मला वाटलं, ते आता माझ्या डोक्यावरून हात फिरवतील. बरं केलंस म्हणतील. मी त्यासाठी जराशी पुढेही झुकले.

“सांगायला हवं होतंस,” ते म्हणाले. “सगळंच. त्याचंही आणि माझंही. मी गप ऱ्हा म्हटलं खरं, पण तू बोलशील असं मला वाटत होतं. शिकलेली होतीस. गाडीत बसेपर्यंत मी वाट बघत होतो.”

मग त्यांनी तोंड उघडलं आणि मी पेज भरवायला लागले. पूर्ण वाटी त्यांनी संपवली. तीन दिवसांनी ते गेले. भेटायला येणारा प्रत्येक जण, निर्दोष माणूस होता हो, असं म्हणत होता, आणि मी मान डोलावत होते.